ठेव मोडून घर जोडणे

मराठी मध्यमवर्गीय घराची दुरुस्ती मुदत ठेव मोडून होते. सोनाराकडे दागिना मोडतात, बँकेत ठेव मोडतात, मग न्हाणीघर फोडतात. काही जोडले जाण्यापूर्वी एवढी मोडतोड ठरलेलीच असते.

आरंभ छतावरच्या डागापासून होतो. पहिल्या पावसाळ्यात तो रुपयाएवढा असतो आणि त्यावर रंगाचा हात मारला जातो. दुसऱ्या वर्षी पोपडे सुटतात. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांना त्याच्याखाली बसवत नाहीत. पुढे स्लॅबमधली सळई दिसू लागते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट ढकलून बाहेर येतो. वन बीएचकेत अशी जागा करून घेणे फक्त गंजालाच जमते.

गळती कोठून येते, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा नसून गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींचा आहे. गच्चीतून येत असेल तर खर्च संस्थेचा, वरच्याच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्याचा. त्यामुळे वरच्याच्या मते ती गच्चीतून येते आणि समितीच्या मते बाथरूममधून. निवाड्यासाठी प्लंबर वरच्या मोरीत निळे पाणी ओततो. खाली ते चार दिवसांनी उतरते, पांढरे.

संस्थेकडे दुरुस्ती निधी असतो. आदर्श उपविधींप्रमाणे तो जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, दरवर्षी. खर्च अर्थातच बांधले तेव्हाचा. १९९४ साली ३ लाखांत बांधून झालेल्या फ्लॅटचा हा निधी वर्षाला २,२५० रुपये भरतो. आजचा मिस्त्री १९९४ च्या भावाने येत नाही. ‘किमान’ हा शब्द सर्वसाधारण सभेत ‘कमाल’ असा वाचण्याची प्रथा आहे.

घर बदलावे, तर पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर अधिभारांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार वेगळे, दलाली त्याहून वेगळी. एवढ्यात जुन्या घराचे बाथरूम उकरून पुन्हा बसते. राहिले कर्ज. गाडीसाठी काढले की पेढे वाटतात. दुरुस्तीसाठी काढले की नातेवाईक आवाज खाली आणून चौकशी करतात. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीतही राहत्या घराच्या खरेदीकर्जावर व्याजाची वजावट २ लाखांपर्यंत, दुरुस्तीच्या कर्जावर ३० हजारांपर्यंत. सरकारलाही घर घेणारा आवडतो, राखणारा नाही.

म्हणून ठेव. काउंटरवरून सल्ला येतो, “मोडू नका काका, ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या.” म्हणजे स्वतःचेच पैसे, ठेवीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याजाने. काका नको म्हणतात आणि मोडण्याचा फॉर्म भरतात. व्याज मिळते ते पैसे प्रत्यक्ष जितके दिवस राहिले तेवढ्या मुदतीच्या दराने, त्यातून बहुधा अर्धा-एक टक्का दंड वजा. बँकेच्या लेखी सर्व ठेवी सारख्या. घरात मात्र त्यांना नावे असतात: मुलीच्या लग्नाची, आजारपणाची, म्हातारपणाची. मोडली जाते ती म्हातारपणाची. ते अजून लांब आहे, असे एकसष्टाव्या वर्षीही ठामपणे सांगता येते.

काम सुरू होते. तिसऱ्या दिवशी मिस्त्री फरशीखालचा पाइप दाखवतो: “हापण गेलाय साहेब. आता उकरलंच आहे तर…” या अर्ध्या वाक्यावर दुसरी ठेव, आजारपणाची, मोडते. राडारोड्याच्या गोण्या जिन्यात थांबतात, त्यांच्याविषयी सेक्रेटरींची सूचना फलकावर लागते, आणि दहा दिवसांचे काम दीड महिन्याने संपते.

आठ टाइल्स उरतात. पुढे ती छटा बाजारात मिळायची नाही, म्हणून त्या वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवतात, ठेवींच्या पावत्यांच्या ट्रंकेला टेकवून. ट्रंक आता एका हाताने सरकते.