केळ्याची देखभाल

क्युरेटरच्या मदतनिसाचं काम म्हणजे दिवसभर कलेचा सहवास, असं बाहेरून वाटतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला 2020 मध्ये मौरित्सिओ कॅतेलानची ‘कॉमेडियन’ ही कलाकृती भेट मिळाली: भिंतीला चिकटपट्टीने डकवलेलं केळं. म्हणजे हाती आलं प्रमाणपत्र आणि 14 पानी सूचना. केळं जमिनीपासून 175 सेंटिमीटरवर हवं आणि दर सात-दहा दिवसांनी बदलायला हवं. कलेच्या इतिहासात एम.ए. करायचं ते पिकलेलं उतरवून ताजं लावायला! सोलमधल्या एका संग्रहालयात याच कलाकृतीतलं केळं 2023 साली एका विद्यार्थ्याने खाऊनच टाकलं आणि साल तेवढी परत चिकटवली. तिथल्या संग्रहालयाने निमूट नवं केळं लावलं. भरपाईबिरपाई काही नाही. पुढच्याच वर्षी याच कलाकृतीची एक प्रत लिलावात 62 लाख डॉलरला गेली. त्या दिवशीचं केळं फळवाल्याकडून 35 सेंटला आणलं होतं.