टीडीएसकाका

नवरात्राचे घट उठले की बाकीच्या घरांत पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात पडतात. टीडीएसकाकांच्या बाल्कनीत मात्र फिल्टरची जुनी कँडल वाळत पडते. ती फेकायची नसते. गेल्या वर्षी ती पांढरीशुभ्र होती आणि आता चॉकलेटी झाली आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं असतं. चहाच्या ट्रेमध्ये ती बशीशेजारी ठेवली जात नाही, हे केवळ काकूंमुळे.

असा एक गृहस्थ वाकडपासून वाघोलीपर्यंत, जिथे जिथे टँकर मागे घेतानाच्या पिपाणीने उजाडतं, तिथल्या प्रत्येक सोसायटीत असतो. बहुधा एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झालेला. उभी नोकरी दुसऱ्यांचा माल नाकारण्यात गेलेली. आता नाकारायला फक्त पाणी उरलेलं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टीडीएस मीटर. आमच्या पिंपरी-चिंचवडात २०१९च्या नोव्हेंबरपासून पालिकेचं पाणी दिवसाआड, मधली भर टँकर आणि बोअर घालणार, आणि हे सगळं एकाच टाकीत. त्यामुळे पवनेचं किती आणि बोअरचं किती, हे प्रमाण रोज बदलतं आणि काकांना ग्रुपवर टाकायला रोज ताजी बातमी मिळते : ‘काल ३१०. आज ६४०. सुज्ञांस सांगणे न लगे.’

भारतीय मानकाप्रमाणे ५००पर्यंत उत्तम आणि दुसरी सोयच नसेल तर २,०००पर्यंत चालतं, हे काकांना पाठ आहे. पण वाक्याचा उत्तरार्ध ते गिळतात. शिवाय ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं, जंतूंबद्दल त्याला ओ की ठो कळत नाही, हेही ते सांगत नाहीत. कावीळ देणारं पाणीसुद्धा त्या मीटरवर सज्जनासारखं ८० दाखवू शकतं.

यंदा दिवाळीला काकांची बहीण दादरहून सहकुटुंब आणि काकूंची आई व भाऊ कोकणातून येणार होते. काकूंनी रव्या-बेसनाचा हिशेब मांडला, काकांनी लिटरचा. आरओ मशीनवर लिहिलंय तासाला १५ लिटर. पण ते नव्या मेम्ब्रेनचं, भरपूर दाबाचं आणि कोमट पाण्याचं. दिवाळीची थंडी, वर बोअरचं जड पाणी, म्हणजे १० धरा. टाकी ८ लिटरची. त्यात दादरची मंडळी बाहेर फिरायला निघताना बाटल्या भरून घेणार. काकांनी तातडीने फिल्टरवाल्याला फोन लावला.

दिवाळीच्या तोंडावर फिल्टरवाला म्हणजे दिवाळसणाचा जावई. बोलावून येत नाही, आला तर बसत नाही, आणि रिकाम्या हाती जात नाही. हा आला तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, काकूंनी भाजणीला मोहन घातल्या क्षणी. काकांनी त्याला आधी आतल्या-बाहेरच्या पाण्याचं रीडिंग घ्यायला लावलं, मग घड्याळ लावून टाकाऊ पाण्याची धार मोजली, मगच मेम्ब्रेनला हात लावू दिला. तो बिचारा ‘काका, सही करा ना’ म्हणत दारात उभा.

“अहो, भाजणी भिजवायला पाणी हवंय.”

“नव्या फिल्टरच्या पहिल्या दोन टाक्या सोडून द्यायच्या असतात.”

“मग नळाचं घेते.”

“त्या पाण्याने चकली मऊ पडेल.”

“चकली मोहनाने बिघडते, मॅग्नेशियमने नाही.”

काकू केमिस्ट्रीच्या बी.एस्सी. आहेत, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

आरओमधून एक लिटर गाळून निघालं की त्यामागे दोन-तीन लिटर टाकाऊ निघतं. काका ते वाया जाऊ देत नाहीत, आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. पण पाहुण्यांना हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक बादलीवर चिठ्ठी : ‘फरशी’, ‘संडास’, ‘गाडी’. चौथ्या बादलीवर ‘कुंड्यांना चुकूनही नाही’. दादरच्या भाच्याने विचारलं, “मामा, चूळ कुठल्या बादलीत भरू?”

खरी कसोटी नरकचतुर्दशीला लागली. काकांनी बाथरूमच्या लाइनवर सॉफ्टनर बसवलाय. त्यातले रेझिनचे दाणे पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे दमले की मिठाच्या पाण्याने धुवून त्यांना पुन्हा कामाला लावायचं. अभ्यंगस्नानाच्या आधी ते ताजे हवेत म्हणून काका रात्री दोनला उठून मीठ घालून बसले होते. पहाटे चारला काकूंचा भाऊ तेल, उटणं आणि मोती साबण लावून आत गेला तो बाहेरच येईना. बाहेर तेलाने निथळणारी पाहुण्यांची रांग, खाली पहिला बार उडालेला.

“भाऊजी, साबण निघत नाहीये!”

“निघालाय! सॉफ्ट पाण्यात तसंच वाटतं!”

“अहो, पण अंग बुळबुळीत लागतंय!”

“तीच तर खूण!”

त्याने आणखी तीन बादल्या ओतल्या. काका दाराबाहेर हताश उभे. त्यांच्या डोळ्यांसमोर रेझिनचे दाणे एकेक करून दमत होते.

सासूबाईंचं निराळंच. त्या गावी विहिरीचं पाणी पितात आणि परक्या ठिकाणी फक्त उकळलेलं. काकांनी नव्या मेम्ब्रेनमधून काढलेलं ८४चं पाणी काकूंनी मुकाट्याने गॅसवर चढवलं. काकांना राहवेना. पाणी निवल्यावर त्यांनी मीटर बुडवला.

“बघा आई, ८४चे ९२ झाले. उकळल्याने क्षार वाढतात.”

“वाढायला काय झालं जावईबापू? पाणी आटलं. दूध आटवलं की साय वाढते का?”

काकूंनी तेवढ्यात सगळ्यांना फराळाला बोलावलं.

भाऊबीजेला काकांनी बहिणीच्या तबकात साडीच्या पाकिटाबरोबर एक कोरा टीडीएस मीटर ठेवला. तिने तो आधी थर्मामीटर समजून नवऱ्याच्या काखेत द्यायला काढला, पण गोड मानून घेतला. दोन दिवसांनी दादरहून फोन आला. मी तेव्हा तिथेच होतो, उरलेल्या चकल्यांसाठी. काकांनी कौतुकाने स्पीकर लावला.

“दादा, आमचं ७९ आलं रे. चांगलं ना?”

“उत्तम! कुठला फिल्टर?”

“फिल्टर कुठला? नळाचं.”

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“आधी मीटरचा सेल बदल,” ते म्हणाले, “आणि मग परत बघ.”