टोपी परवडते, जमीन नाही

कच्छमधल्या आदिपूरला चार्ली चॅप्लिनचे कट्टर चाहते आहेत. दरवर्षी १६ एप्रिलला, त्याच्या वाढदिवशी, लहानथोर मंडळी काळी गोल टोपी, नाकाखाली मिशी आणि हातात काठी अशा थाटात मिरवणूक काढतात. लंडनच्या पोरासाठी गुजरातेत एवढी हौस! खुद्द गांधीजींना १९३१ साली लंडनमध्ये चॅप्लिन भेटायला येणार होता, तेव्हा हा गृहस्थ कोण हे आधी सांगावं लागलं होतं.

आता आपल्या पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक घ्या. ११ सप्टेंबर १८९५ला इथे भूदान चळवळीचे विनोबा भावे जन्मले. प्रसिद्धीत तेही मागे नव्हते. १९५३ साली अमेरिकेच्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. वेशभूषाही सोपी: पंचा, दाढी, चष्मा. पंचाईत पुढेच आहे. चॅप्लिनचा चाहता संध्याकाळी मिशी काढून निवांत जेवायला बसतो. विनोबांच्या चाहत्याला जमिनीचा सहावा हिस्सा भूमिहीनाला द्यावा लागेल! १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत विनोबांनी विचारताच एका जमीनदाराने उभ्या उभ्या शंभर एकर देऊन टाकले. आजच्या रायगडात शंभर एकरांचा विषय काढून पाहा. समोरचा पहिला प्रश्न विचारेल, ‘एनए झालीय का? रोड टच आहे का?’

तेव्हा जयंतीला हार घालावा, विनोबांचे विचार आज अधिकच प्रासंगिक आहेत असं भाषण ठोकावं आणि सातबारा कपाटात कुलूपबंद ठेवावा. बेताची भक्तीच वर्षानुवर्षं टिकते.