ब्रँड्या

बारशाला ठेवलेलं त्याचं नाव वेगळं आहे, शाळेत तो बंड्या होता आणि जाहिरात या विषयातल्या पदवीला नाव घातल्यापासून आमच्या पेठेत ब्रँड्या झाला. हे नामांतर तालमीच्या कट्ट्यावर झालं. सूचक-अनुमोदक लागले नाहीत.

पूर्वी आई कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबिरीला पाठवायची, तेव्हा तो वीस मिनिटांत परत यायचा, कोथिंबिरीऐवजी मेथी घेऊन. आता दीड तास लागतो आणि मेथीही येत नाही. वाटेतली प्रत्येक पाटी त्याला तपासावी लागते. ‘घरगुती शेवया मिळतील’पाशी गाडी थांबवून तो अक्षरांच्या वळणाला नावं ठेवतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ दिसलं की हळवा होतो. ह्याला म्हणे पोझिशनिंग म्हणतात. घरी येऊन सांगतो, “आई, त्या भाजीवालीचा यूएसपीच क्लिअर नाही गं.”

“आणि कोथमिरीची पेंडी?” आई विचारते.

हा नेमकं काय शिकतोय, यावर घरात अजून एकमत नाही. आजीला वाटतं, पेपरात छोट्या जाहिराती द्यायला. “पाकीट हरवलंय एवढं लिवायला तीन वर्सं लागत्यात?” वडिलांचा हिशेब वेगळा: “जाहिरात द्यायला लोक पैसे मोजतात हे ठाऊक होतं. ती बघायला शिकायचेही मोजावे लागतात, हे आत्ता कळालं.”

पहिल्या सत्रात त्याला ‘आयडा’ भेटली. ही मुलगी असावी म्हणून घरचे आठवडाभर सावध होते. निघालं अमेरिकेतलं शंभरेक वर्षांपूर्वीचं सूत्र: आधी लक्ष वेधा, मग उत्सुकता वाढवा, मग इच्छा जागवा, शेवटी माणूस खिशात हात घालतो. ब्रँड्यानं ते मिसळवाल्याला समजावून सांगितलं. मिसळवाल्यानं कट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अकराला पातेलं रिकामं होतंय भावा. लक्ष वेधून आलेल्यास्नी काय वाढू?”

दुसऱ्या वर्षी काम मिळालं: गावातल्या एका वस्तूची जाहिरात करा. ब्रँड्यानं अर्थातच चप्पल निवडली. त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची माणसं कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालली आणि कंपनीनं सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चप्पल! सारं गाव संतापलं. ब्रँड्या मात्र हळहळला, “एवढी मोठी कंपनी, आणि फुकटात मिळणारी टॅगलाइन सोडली. ‘जगात भारी’!” मग चार पानी ब्रीफ घेऊन तो चप्पल लाइनीत गेला. म्हाताऱ्या कारागिरानं एक जोड त्याच्या पायात घातला आणि म्हणाला, “चालून दाखव.” चप्पल कर्रकर्र वाजली. “माणूस दिसायच्या आधी ऐकू येतंय. आणि जाहिरात कसली करतोस?”

त्या दिवशी ब्रँड्या गप्प होता. रात्री वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात त्याला बाबूराव पेंटर सापडले. मूळचे मेस्त्री, पण गावानं ‘पेंटर’ ही पदवी आडनावासारखी चिकटवली, तीही विद्यापीठाशिवाय. १९२० साली ‘सैरंध्री’ काढली, आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. ‘वत्सलाहरण’चं १९२३ सालचं पोस्टर देशातल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत मोजलं जातं. दुसऱ्या दिवशी ब्रँड्या कट्ट्यावर म्हणाला, “आपल्या गावात हे रक्तातच आहे.” तालमीचे अध्यक्ष म्हणाले, “मग माझ्या वाढदिवसाचा डिजिटल तूच कर.”

ब्रँड्यानं तीन रात्री जागून फलक केला. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, कोपऱ्यात अध्यक्षांचा छोटा फोटो, मधोमध एकच शब्द: ‘अण्णा.’ अध्यक्षांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

“बाकीची पोरं कुठं हाईत?”

“ती व्हाइट स्पेस आहे. नजरेला विश्रांती.”

“विश्रांती घरात घ्यायची. किती तोंडं बसतील?”

त्रेचाळीस बसली. ब्रँड्यानं टार्गेट ऑडियन्सचा मुद्दा काढला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. “हे बघ बाळा, त्रेचाळीस तोंडं म्हणजे त्रेचाळीस घरं. प्रत्येक घरातली आई, आत्या, मावशी आपलं पोरगं कुठं लागलंय ते बघायला चौकात येणार. तुझा मोकळा कागुद बघायला कोण येणार?”

ह्या अपमानाचा सूड म्हणून ब्रँड्यानं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ‘कोल्हापुरातील फलक आणि दृश्य प्रदूषण’ यावर केला. बासष्ट पानं, फोटोंसह. मार्क चांगले पडले.

आणि मग त्याचाच वाढदिवस आला. तालमीनं चौकात फलक लावला. मागं वाघ, पुढं गॉगल लावलेला ब्रँड्या, खाली शुभेच्छुकांची दाटी आणि वर अक्षरं: ‘जाहीरात सम्राट.’ ‘ही’ दीर्घ. ब्रँड्या पाहून लालबुंद झाला. शुद्धलेखनासाठी त्यानं फलकवाल्याला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तो बिझी होता.

त्याच संध्याकाळी मार्केटात भाजीवालीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. “फलकावरचं पोरगं न्हवं तू?” असं म्हणत तिनं पिशवीत कोथिंबिरीची एक पेंडी जास्तच टाकली. पदवीच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात वेळेवर कोथिंबीर पोचली.

तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी आली. फलक उतरवायला माणूस शिडीवर चढला. दृश्य प्रदूषणावरच्या बासष्ट पानांचा लेखक खाली शिडी धरून उभा होता आणि हळू आवाजात विनवत होता, “मामा, रविवारपर्यंत राहू दे की. गावाकडनं आत्या यायची हाय.”