लेकरू जेवतच नाही

परवापर्यंत आमच्या नातीला शेपू आवडत होता. दोन वर्षांच्या पोरीनं शेपू मागून खावा, ही बातमी आम्ही केजपासून अंबाजोगाईपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना फोन करून सांगितली. घरात ज्यांनी जन्मभर शेपूचा वास आला की ताट सरकवलं, तेही तिच्या धाकानं खाऊ लागले. मी परसात मोरीच्या पाण्यावर एक वाफा टाकला. शेपू बोटभर झाला, वीतभर झाला. कापला त्या दिवशी नातीनं ताटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एकेक काडी चिमटीत धरून ताटलीबाहेर मांडून ठेवली. राग नाही, आदळआपट नाही. कचेरीतला बाबू अपुऱ्या कागदांचा अर्ज परत करतो, तितक्याच शांतपणे.

सध्या कढी चालू आहे. कढी आणि भाकरी. पण कढी भाकरीला लागता कामा नये. लागली तर दोन्ही बाद.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक माझ्या आईचा, म्हणजे नातीच्या पणजीचा, आणि दुसरा सूनबाईचा. मी दोन्हीकडं मान डोलावतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो.

आईच्या पक्षाचं धोरण सरळ आहे. लेकराच्या पोटात अन्न गेलं पाहिजे, कसं गेलं याची चौकशी करू नये. वाटीत दूधभाकरी कुस्करून घ्यायची आणि लेकरामागं निघायचं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून शेजारच्या दारात. “खाय गं माय, एवढा एकच,” असं म्हणत एका घासाला शेळी दाखवायची, दुसऱ्याला कोंबडी, तिसऱ्याला रस्त्यानं जाणारी काळीपिवळी. चिऊकाऊ तर पहिल्याच आठवड्यात संपले. मग मामाच्या नावचे घास निघाले. नातीला सख्खे मामा दोन. ते पुरेनात म्हणून चुलतमामा, मावसमामा झाले. शेवटी आई सुनेच्या माहेरच्या भावकीत शिरली. ज्या माणसांशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांच्याही नावानं आमच्या घरात घास गेलेले आहेत.

सूनबाईचा पक्ष शिकलेला आहे. तिचं म्हणणं, लेकरामागं फिरायचं नाही, मोबाईल दाखवायचा नाही, सगळ्यांनी एकत्र बसायचं, तिच्यापुढं ताटली ठेवायची आणि आपण आपलं जेवायचं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात ही कामाची वाटणी मांडली. काय खायचं, कधी खायचं आणि कुठं बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं आणि मुळात खायचं का, हे लेकरानं ठरवावं. सूनबाईनं हे आईला नीट समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ताटलीत उरलंय ते कोन खायचं?”

या प्रश्नाचं उत्तर सॅटरबाईंनी दिलेलं नाही. आमच्या घरात ते उत्तर मी आहे. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, अर्धं चोखलेलं केळ, कढी लागलेली भाकरी हे सगळं माझ्याकडं वळतं. नातीचं वजन वाढलं की नाही याची सगळ्यांना काळजी. माझं वाढलं, त्याचं कुणाला काही नाही.

आईला उरलेलं का बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. १९७२च्या दुष्काळात ती विशीत होती. बीड जिल्ह्यातली हजारो माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती. त्यांत तीही होती. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात फिरायची. कामावर सुकडी वाटायचे. ज्या बाईनं वाटीतली सुकडी बोटानं निपटून खाल्ली, तिच्यापुढं तिची पणती तुपातला शिरा थुंकून टाकते. गंमत अशी की अंगणवाडीतून लहान लेकरांना पिठाची पाकिटं मिळतात, त्यांनाही आमच्याकडं अजून सुकडीच म्हणतात. सूनबाई ती भाजून गुळाच्या पाण्यात शिजवते. नात दोन चमचे खाते आणि उरलेली तिची पणजी खाते, चवीनं.

लेकरू जेवत नाही याची आमच्याकडची पहिली मीमांसा म्हणजे दृष्ट. मीठमोहरी झाली, मिरच्या जाळून झाल्या, सगळं घर खोकून झालं. त्यानंतर अंबाजोगाईच्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, वाढीच्या तक्त्यावर एक टिंब काढलं आणि मला हिशोब घातला. “अण्णा, जन्मताना लेकरू तीन किलोचं असलं तर वर्षाला साधारण नऊ किलोचं होतं. तिप्पट. त्याच वेगानं वाढत गेलं तर दुसऱ्या वाढदिवसाला किती?” सत्तावीस, मी म्हणालो. “आणि तिसऱ्याला?” एक्क्याऐंशी. “मग? तशी पाहिजे का नात?” दुसऱ्या वर्षात वजन जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेग उतरतो, म्हणून भूकही उतरते. पहिल्या वर्षी मिळेल ते चोखणारं लेकरू दुसऱ्या वर्षी तोंड फिरवतं, ते आजारी असतं म्हणून नव्हे. त्याची गरजच तेवढी असते. वजन घटू लागलं, तक्त्यावरची रेघ सपाट झाली, लेकरू मलूल झालं, जुलाब थांबेनात, तर मात्र धावत यायचं, असं त्यांनी बजावलं. आईनं सगळं ऐकलं आणि जिना उतरता उतरता मला म्हणाली, “टॉनिक लिहून देलं नाई. कसला डागदर?”

दीड-दोन वर्षांच्या सुमाराला आणखी एक गोष्ट होते. लेकराला पाय फुटलेले असतात आणि त्याच वेळी नव्या पदार्थाची, विशेषतः हिरव्या पाल्याची, धास्ती सुरू होते. जाणकार म्हणतात, ही निसर्गाचीच तजवीज असावी. चालू लागलेलं लेकरू दिसेल ते तोंडात घालू लागलं तर जगणार कसं? आमच्या अंगणाच्या कडेला धोतरा आहे, रुई आहे, एरंड आहे. त्यांचा पाला आणि शेपू यांत निवाडा करायची जबाबदारी त्या पोरीवर आहे. तिनं काही काळ सरसकट बंदी घातली, तर ते शहाणपणच म्हणायचं. अभ्यासकांचा अनुभव असा की नावडता पदार्थ आठ-पंधरा वेळा, थोडा थोडा, आग्रह न करता पुढं ठेवावा लागतो, तेव्हा कुठं लेकरू तो आपला मानतं. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळी हात टेकतो आणि ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. नंतर ती विशीत पोचली तरी मावश्या सांगत असतात, “हिला लहानपणापासून वांगं आवडत नाही बरं का.”

लेकराला त्याच्या मनावर सोडलं तर ते काय खाईल, हे क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी खरोखर करून पाहिलं. त्यांचा पहिला अहवाल १९२८ सालचा, आणि पंधरा मुलांचा सगळा हिशोब त्यांनी १९३९ साली मांडला. नुकतंच अंगावरचं सुटलेल्या बाळांपुढं तीसेक साध्या पदार्थांतले काही ठेवायचे. फळं, भाज्या, धान्य, दूध, मांस, अंडी, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. दाईनं काही सुचवायचं नाही, आर्जव करायचं नाही, चेहराही हलवायचा नाही. बाळ ज्या वाटीकडं हात करेल, त्यातला चमचा द्यायचा. बाळांनी काय वाट्टेल ते खाल्लं. एकानं न्याहारीला संत्र्याचा रस आणि काळीज, दुसऱ्यानं रात्री अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेलं एक बाळ कॉड माशाचं तेल आपणहून प्यायचं आणि हाडं सुधारल्यावर त्यानं ते सोडून दिलं. सगळी मुलं धट्टीकट्टी झाली. मी हे घरात वाचून दाखवलं, तेव्हा आईला बाकी सगळं पटलं, दाई गप्प बसली एवढंच खोटं वाटलं.

यातली मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवली आहे. त्या वाट्यांत साखर नव्हती, बिस्कीट नव्हतं, तळण नव्हतं. सगळ्याच वाट्या चांगल्या असल्यावर लेकरू कुठूनही सुरू करो. आमच्या गल्लीच्या तोंडाला टपरी आहे आणि तिथं पाच रुपयांच्या रंगीत पाकिटांच्या माळा लोंबतात. नात ‘आजोबा’ म्हणायला शिकली, त्याच्या आधी तिला त्या माळेकडं बोट दाखवता येत होतं. ते पाकीट पोटात गेल्यावर कढी काय आणि भाकरी काय. निवडीचं स्वातंत्र्य टपरीपासून सुरू करता येत नाही, एवढा एक मुद्दा दोन्ही पक्षांना मान्य आहे. टपरीवर अख्खे फुटाणे आणि खारे शेंगदाणेही असतात. तेही लहान लेकराच्या हाती देऊ नयेत; श्वासनलिकेत अडकले म्हणजे पळता भुई थोडी होते.

दोन्ही पक्ष ज्या एका गोष्टीसाठी मांडीला मांडी लावून बसतात, ते म्हणजे सीताफळ. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात, धारूरकडं, ते खडकातूनही उगवतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लेकराला खाऊ घालायला याच्याइतकं गोड आणि याच्याइतकं त्रासाचं फळ नाही. बिया काळ्याभोर, गुळगुळीत आणि नेमक्या घशात बसतील अशा. आई डोळे पिकलेलं फळ दोन हातांत धरून उकलते. एकेक पाकळी अंगठ्यानं सुटी करते, दोन बोटांत दाबते. बी टुण्णकन ताटात पडते आणि बोटांत नुसता पांढरा गर राहतो. तो ती नातीच्या ओठाला लावते. सगळं फळ संपायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात शेळी लागत नाही, मामा लागत नाही, मोबाईल तर नाहीच. नात हलत नाही. बी पडली की हसते आणि तोंड उघडते. यंदा तिला सीताफळाचं असं काही वेड लागलं की आम्ही धन्य झालो. आणि दिवाळी उरकली तशी सीताफळं संपली. आता ती रोज सकाळी फडताळाकडं बोट दाखवून “ताफल” म्हणते आणि आम्ही एकमेकांकडं बघतो.

दिवाळीच्या आगेमागेच गावातल्या गाड्या ऊसतोडीला निघतात. शेजारच्या घरातला कोयताही गेला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते, लेकरं मोजत नाहीत. त्यांचं धाकटं आमच्या नातीच्याच वयाचं. ते कोल्हापूर-सांगलीकडं गेलं, कारखान्याजवळच्या कोपीत राहील आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की उन्हाळ्यात परतेल. ‘गरिबाच्या लेकराला नखरे नसतात’ असं सुखवस्तू माणसं फार ठासून सांगतात. त्यांनी हे लेकरू पाहिलेलं नाही. भाकरी चहात बुडवलेली असेल तरच ते खातं, कालवणातली चिमटीनं बाहेर काढतं. नखरे तेवढेच असतात. फक्त त्यांच्यामागं वाटी घेऊन फिरायला कुणी नसतं. आईबाप पहाटेच फडात जातात. भरवायला असते आठ वर्षांची बहीण. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला पाहिलं. ती घास मोडते, आधी स्वतःच्या तोंडात घालते, मिटक्या मारते, त्याच्याकडं बघतही नाही. दुसरा घास मोडेस्तोवर धाकटा तोंड उघडून तिच्या मांडीवर आलेला असतो. डेव्हिस आणि सॅटर या दोघींचं सार या पोरीला कुणी शिकवलेलं नाही. शाळेच्या दिवसांत ती हे काम करते, हे मात्र कौतुकात विसरून चालणार नाही. तिनं तिसरीत असायला हवं आणि धाकट्याच्या पुढ्यात, कोपी कुठंही पडो, गरम खिचडी यायला हवी.

त्या खिचडीची जादूही सांगतो. अंगणवाडीत तीन वर्षांवरच्या लेकरांना गरम जेवण मिळतं. नातीचं वय बसत नाही, पण तिला पंगत बघायला आवडते म्हणून आमच्या अंगणवाडीताई तिला कडेला बसवून घेतात. घरी खिचडीतला वाटाणा शोधून फेकणारी ही पोर तिथं पाचपंचवीस पोरांच्या रांगेत बसून, शेजारच्याच्या ताटलीतली, वाटाण्यासकट खिचडी खाते. आईनं हे खिडकीतून पाहिलं तेव्हा तिला आनंद झाला की अपमान वाटला, ते अजून ठरलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती वाटी घेऊन फिरायची थांबली आणि नातीच्या शेजारी स्वतःचं ताट घेऊन बसू लागली. सूनबाई जिंकली असं कुणी म्हणालेलं नाही. तसं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

एक विनंती पाहुणेमंडळींना. दोन वर्षांचं लेकरू असलेल्या घरी याल तेव्हा उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या “अगं बाई, किती वाळलंय!” असं म्हणू नका. तुमचा चहा होऊन तुम्ही गाडीला लागता. त्यानंतर त्या घरात तीन दिवस शिरा शिजतो, शेळी हिंडते आणि लेकराच्या आईला झोप लागत नाही. येताना बिस्किटाचा पुडा आणू नका. सीताफळं आणा, आणि बिया काढायला बसा.