कर्णाची कॅमरी

दानधर्माची आमच्या घराण्यात परंपरा नाही. गणपतीच्या वर्गणीवाले दिसले की आजोबा मागच्या दाराने विहिरीवर जात. वडील पळत नसत, पण पावती पाच रुपयांची आणि माझ्या धाकट्या भावाच्या नावाने फाडत, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी वाढवून मागायला नको. अशा कुळात जन्मून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मी अख्खी मोटार दान केली, हे ऐकल्यावर साताऱ्याच्या आत्याने फोनवर एवढेच विचारले, "तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

मोटार म्हणजे २००१ची टोयोटा कॅमरी. दोन लाखांहून जास्त मैल झालेली. 'चेक इंजिन'चा दिवा इतकी वर्षे पेटलेला होता की विझला असता तरच आम्ही घाबरलो असतो. छताचे कापड सुटून खाली आले होते, त्यामुळे मागे बसणाऱ्याला मच्छरदाणीत बसल्यासारखे वाटे. मुलाला देऊ केली तर तो म्हणाला, "बाबा, मी बसने जाईन." पुढे इन्स्पेक्शनच्या स्टिकरची मुदत संपली आणि ती ड्राइव्हवेमध्ये कायमची मुक्कामाला आली. एअर फिल्टरच्या डब्यात एका खारीने ओकची फळे साठवायला घेतली. "कुणीतरी तिचा उपयोग करतंय," आमची ही म्हणाली. ही माझ्या खरेदीबद्दल बोलते तेव्हा आवाज चढवत नाही, तेच जास्त लागते.

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर जुन्या गाड्या दान करा म्हणून सतत सांगत असतात. गाडी चालत नसली तरी चालेल, आम्ही फुकट ओढून नेऊ, आणि करात सूट मिळेल. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत मी कणीस सोलत होतो. तिसऱ्याला आवाज मोठा केला.

रात्री 'केली ब्लू बुक' या जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या साइटवर किंमत काढली. तिथे गाडीची अवस्था विचारतात. मी 'उत्तम' निवडले. हिने चष्मा वर करून एकदा पडद्याकडे, एकदा खिडकीबाहेर पाहिले. मी 'चांगली'वर आलो. आकडा तरीही अडीच हजार डॉलरच्या पुढे होता. एवढ्यावर कर किती वाचेल याचा मनात हिशेब मांडला, आणि त्या पैशांत भारताचे अर्धे तिकीटही काढून टाकले.

मग इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, बटाटेवड्याच्या रांगेत, मी ही गोष्ट सहज बोलल्यासारखी बोललो. "आम्ही आपली एक गाडी देऊन टाकतोय बुवा." 'एक' शब्दावर किंचित थांबलो. साल सांगितले नाही. कुणीतरी "वा, दानशूर कर्ण!" म्हणाले, आणि मी तो किताब नम्रपणे, म्हणजे लगेच, स्वीकारला.

गाडी ओढून न्यायला ट्रक सकाळी येणार होता. आदल्या संध्याकाळी डिकी उघडली. आत अटलांटिक सिटीच्या २०२२च्या मराठी अधिवेशनाची पिशवी, लेझमांची एक जोडी (मंडळ ती दोन वर्षे शोधत होते), आणि हिचा स्टीलचा डबा, ज्याच्यावरून आमच्यात एकदा आठवडाभर अबोला झाला होता. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र जागचा हलेना. दुहेरी टेपने बसवलेला. दोऱ्याने कापून, केस वाळवायच्या यंत्राने तापवून अखेर निघाला, आणि बरोबर डॅशबोर्डचा तळहाताएवढा पापुद्राही आला.

नंबरप्लेट हे खरे प्रकरण. न्यू जर्सीत गाडी गेली तरी पाट्या आपल्या. त्या काढून मोटर व्हेइकल कमिशनकडे जमा करायच्या आणि पावती हातात पडल्यावर इन्शुरन्स बंद करायचा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. वीस-बावीस हिवाळ्यांच्या मिठाने स्क्रू पाटीशी एकजीव झाले होते. सकाळी ट्रकवाला आला तेव्हा मी बंपरखाली उताणा पडून पान्याशी झटत होतो. त्याने मला बाजूला व्हायला सांगितले, पक्कड लावली, पाटी वाकडी करून हातात दिली आणि विचारले, "धिस युवर कार, ऑर यू स्टीलिंग इट?"

महिन्याभराने दान घेणाऱ्या संस्थेचे पत्र आले. आभार होते, आणि गाडी लिलावात ४२५ डॉलरला गेल्याची नोंद होती. त्यातूनही ओढणाऱ्याचा आणि लिलाववाल्याचा वाटा जायचा. मंडळातला एक तरुण सीपीए, म्हणजे इथला सीए, आहे, त्याला मी तणतणत फोन लावला. अडीच हजारांचा माल ४२५ला?

"काका, ब्लू बुकचे दिवस गेले," तो म्हणाला. २००३ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनिसांनी दान दिलेल्या ५४ गाड्यांचा माग काढला. दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत देणाऱ्याने लावलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. म्हणजे माझ्यासारखे 'उत्तम' निवडणारे देशभर होते. २००४ साली कायदा बदलला: ५०० डॉलरच्या वर सूट हवी तर साधारणपणे गाडी विकून जेवढे आले तेवढीच, ५००हून स्वस्तात गेली तर वाजवी किमतीची, पण ५००पर्यंतच.

"बरं, पाचशे तर पाचशे," मी म्हणालो.

"काका, तुम्ही आयटमाइझ करता का?"

म्हणजे एकेक खर्च मांडून वजावट मागणे. आम्ही करत नाही. घराचे कर्ज फेडून झाले, त्याचे पेढे मीच मंडळात वाटले होते. व्याज नाही, म्हणून दाखवण्यासारखे खर्च नाहीत. जोडप्याला २०१७पर्यंत १२,७०० डॉलरची सरसकट सूट होती, ती २०१८ला २४,०००वर गेली आणि २०२३ला, म्हणजे माझ्या कर्णपदाच्या वर्षी, २७,७०० झाली. ती सरसकट सूट घेणाऱ्याला गाडीच्या दानाचा वेगळा छदामही मिळत नाही. न्यू जर्सीच्या राज्य करात तर अशा दानाला सूटच नाही. पोराने हे सगळे फार आदराने सांगितले, आणि त्याची फी घेतली नाही. ती घेतली असती तर दानाचा खर्च आणखी वाढला असता.

२०२६पासून सरसकट सूट घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंतच्या दानाची वजावट मिळते, पण ते दान रोख हवे. कॅमरी चालत नाही.

तुमच्याही दारात अशी गाडी असेल तर खुशाल द्या, जागा मोकळी होते आणि संस्थेला थोडेफार मिळते. फक्त पाट्यांच्या स्क्रूंवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा, आणि बटाटेवड्याच्या रांगेत बोलायच्या आधी सीपीएला फोन करा.