नाव कुणाच्या नावावर?

"काकू, चार काड्या कढीपत्ता घेऊ का? आणि काल मध्यरात्रीपर्यंत दिवा कसला चालू होता तुमच्याकडे?"

"घे की, विचारतेस काय! खालच्या फांदीचा नको, कीड पडलीय. आणि दिव्याचं म्हणशील तर न्यूझीलंडचं भांडण वाचत होते."

"न्यूझीलंडला कोण आहे तुमचं?"

"कोहा."

काकू कॉलेजात ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्या तरी सवय जात नाही. त्यांच्याकडून दिवाळी अंक नेला तरी आतल्या पानावर पेन्सिलीने परतीची तारीख पडते. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, एवढं मला त्यांच्यामुळेच ठाऊक. पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं, दंड किती, सगळं त्यात.

"ते फुकटचं ना? मग फुकटात भांडायला काय मिळालं लोकांना?"

"फुकटातच जास्त भांडण गं. विकतचं असतं तर पावतीवर मालकाचं नाव दिसलं असतं. ऐक. न्यूझीलंडात लेव्हिन म्हणून छोटं गाव आहे, तिथला होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट. 1999 साली त्यांच्या लक्षात आलं, आपली जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडणार. नवी घ्यायला पैसे नाहीत. मग कटिपो नावाच्या कंपनीने त्यांना वेबवर चालणारी नवी प्रणाली लिहून दिली आणि 2000च्या जानेवारीत ती सुरूही झाली. आणि दोघांनी मिळून ठरवलं, हे आपल्यापुरतं ठेवायचं नाही. जीपीएल परवाना लावून जगाला खुलं केलं. कुणीही घ्या, बदला, वाटा."

"देवमाणसं म्हणायची!"

"तिथेच तर गोम आहे. देवमाणसं असली की कुणी कागद करत नाही."

मी कुंपणाला टेकले. काकूंनी 'गोम' म्हटलं की निदान अर्धा तास.

"कोड खुला झाला, फ्रान्समध्ये गेला, अमेरिकेत गेला, आपल्याकडच्या कॉलेजांत आला. पण वेबसाइट कुणाची? नाव कुणाचं? पुढची आवृत्ती कधी काढायची, तिच्यात काय घ्यायचं, हे कोण सांगणार? परवाना याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मग 2007मध्ये अमेरिकेतल्या लिबलाइम कंपनीने कटिपोचा कोहा विभाग विकत घेतला. कॉपीराइट आले, koha डॉट ऑर्ग हा पत्ताही आला."

"बळकावलं म्हणा सरळ."

"अगं, बळकावलं कसलं? विकत घेतलं, रीतसर. आणि लिबलाइमने कोहासाठी पुष्कळ कामही केलं होतं, ते नाकारून चालणार नाही. पण पुढे त्यांनी आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती चालवायला घेतली आणि बाकीच्यांच्या पोटात गोळा आला. शेवटी 2010मध्ये लोकांनी नव्या पत्त्यावर नवी वेबसाइट थाटली. म्हणजे बघ, कोड जगाचा, पण पाटी काढून दुसरीकडे लावायची वेळ आली. त्याच वर्षी लिबलाइमच विकली गेली, पीटीएफएस नावाच्या कंपनीला."

"आणि पाटी त्यांच्याबरोबर गेली."

"गेली! आता पुढचं ऐक. 2011मध्ये कोहावाल्यांचं जगभराचं संमेलन कुठे झालं माहितेय? ठाण्यात! ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरात संपलं. सगळे खुशीत घरी गेले. आणि त्याच नोव्हेंबरात बातमी फुटली, 'कोहा' हे नाव ट्रेडमार्क म्हणून या पीटीएफएस कंपनीला मिळू घातलंय. तेही न्यूझीलंडात! जिथे ते जन्मलं तिथे! शब्दही तिथल्या माओरी लोकांचाच."

"अगं बाई. मग?"

"मग काय, गावातल्या वाचनालयाला कायद्याची लढाई आली. वकील, फी, अर्ज. त्यांनी लोकांपुढे हात पसरले. कंपनीचं म्हणणं, आम्ही हे नाव एखाद्या ना-नफा संस्थेला द्यायला तयार आहोत. असेलही. पण आपलंच नाव दुसऱ्याने आपल्याला देऊ करावं, यात काय ते आलं. 2013 संपता संपता तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाने ट्रस्टच्या बाजूने निकाल दिला. दोन वर्षं गेली, कशात? जे पहिल्या वर्षी चहा पिता पिता एका कागदावर लिहिता आलं असतं त्यात."

"आमच्या भजनी मंडळाचं तसंच आहे काकू. पेटी मंडळाची, टाळ मंडळाचे, आणि बँकेचं खातं ज्यांच्या नावावर त्या गेल्या मुलीकडे बंगलोरला."

"आणि त्या चांगल्याच होत्या ना? वाईट माणूस लागतच नाही त्याला."

मला खरं तर एखादा खलनायक हवा होता. खलनायकाशिवाय गप्पा रंगत नाहीत. म्हणून म्हटलं, "मग एकच भला माणूस कायमचा वर बसवून टाकावा. कटकट नको."

"पायथनवाल्यांनी तेच केलं होतं."

"ते काय, आमचा चिरंजीव शिकतोय तेच?"

"तेच. ती भाषा खिदो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसाने केली. लोक त्याला गमतीने तहहयात हुकूमशहा म्हणायचे, परोपकारी हुकूमशहा. कितीही वाद झाला तरी शेवटचा शब्द त्याचा. वीसएक वर्षं छान चाललं. मग 2018मध्ये एका चिन्हावरून जुंपली. एक विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह आणि पुढे बरोबर. ते भाषेत घ्यायचं की नाही. माणसं अशी तुटून पडली! त्याने निर्णय दिला, चिन्ह घेतलं, आणि जुलैत सांगून टाकलं, मी निघालो. वारस नेमणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा, लोकशाही करा नाहीतर अराजक."

"एका टिंबावरून?"

"दोन. टिंबाचं निमित्त गं. इतक्या शिव्या खाऊन एकट्याने निर्णय द्यायचा कंटाळा आला माणसाला. आणि गंमत म्हणजे वारस कसा निवडायचा हे ठरवायचं कसं, हेच ठरलेलं नव्हतं. महिने गेले. कारभार कसा असावा याचे सात आराखडे आले, डिसेंबरात मतदान झालं. पाच जणांचं मंडळ नेमायचं ठरलं. मोठी आवृत्ती निघाली की पुन्हा निवडणूक. दोनतृतीयांश लोकांनी अविश्वास दाखवला की मंडळ घरी. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम, एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त लोक मंडळात नकोत."

"ते कशाला? हुशार असले तर?"

"पगार कोण देतं ते बघ ना! पाचपैकी तिघे एकाच ठिकाणी हजेरी लावत असतील तर मंडळ कुणाचं? त्यांना वाईट वागायचं नसेलही, पण साहेबाचा फोन आला की काय करतील?"

हे मात्र पटलं. तरी म्हटलं, "पण काकू, इतके नियम केले की कामं करणारे पळून जातात. आपल्याकडे समिती नेमली की काम संपलंच समजा."

"तेही खरं. दोन पोरांनी हौसेनं केलेल्या कामाला राज्यघटना कशाला? पायथनवाल्यांनीसुद्धा मंडळाला बजावून ठेवलंय, हे अधिकार शक्यतो वापरूच नका. पण एक पान तर हवं. किल्ल्या कुणाकडे, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि तो माणूस थकला, रुसला, गेला, तर कोण. बास. कोहावाल्यांचं आता बघ. एकाने दुरुस्ती लिहायची, दुसऱ्याने चालवून बघून सही करायची, मग तपासणीवाल्यांनी तपासायची, आणि त्यानंतर आवृत्तीचा प्रमुख ती आत घेणार. प्रमुखही निवडलेला. दर मे आणि नोव्हेंबरात नवी आवृत्ती, तिच्यासाठी नवी मंडळी."

"वर्षातून दोनदा निवडणूक! आपल्याकडे तेवढ्यात मतदार यादीसुद्धा लागत नाही."

"हसू नकोस. किल्ली एकट्याकडे राहिली की काय होतं ते 2024मध्ये दिसलंय. एक्सझेड नावाचं छोटंसं साधन, फायली दाबून लहान करायचं. जगभरच्या सर्व्हरवर असतं, सांभाळणारा एकटा, तोही फुकट, तब्येतीने बेजार. त्याच्यामागे काही लोक टुमणं लावून बसले, तुला जमत नाही, दुसऱ्याकडे दे. आणि दुसरा हजरच होता, मदतीला तत्पर, गोड. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्याने विश्वास कमावला, किल्ली मिळवली, आणि मार्चमध्ये उघड झालं की त्याने आत चोरदरवाजा बसवलाय."

"कोण होता मेला?"

"नाव जिया टान सांगायचा. खरा कोण, अजून कुणाला पत्ता नाही."

मिळाला बाई एकदाचा खलनायक! "पकडलं कसं पण?"

"आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर, मायक्रोसॉफ्टचा. त्याला वाटलं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचंच. तो खणत गेला."

"तुमच्यासारखाच की. सुट्टे पैसे एक रुपयाने चुकले तरी पुन्हा मोजता."

"बरं, आणि तो खिदो," काकूंना स्तुती केलेली चालत नाही, लगेच विषय बदलतात, "त्याचं पुढे काय झालं विचारलं नाहीस. पहिल्या मंडळाच्या निवडणुकीत तोही उभा राहिला. निवडून आला. पाचातला एक म्हणून बसला, एक मत घेऊन."

"म्हणजे सोडवेना बिचाऱ्याला. मग दुसऱ्या खेपेला?"

"नाव सुचवलं होतं लोकांनी. त्याने मागे घेतलं. आता ती फांदी घेऊन जा, आणि जाताना मंडळाच्या पासबुकाचं बघ. दुसरी सही कुणाची आहे ते मला संध्याकाळी सांग."